बहात्तर उंदीर कशाला?

प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी मागायच्या अर्जातला 'प्राण्यांची संख्या व तिचं समर्थन' हा रकाना मी आता झोपेतही भरून देईन. पीएच.डी.तले चार महिने त्याने खाल्ले. कोर्सवर्क, सिनॉप्सिस वगैरे कधी उरकलं ते आठवतही नाही.

माझा विषय पक्षाघातानंतर मेंदूला येणारी सूज. मेंदूतल्या अ‍ॅस्ट्रोसाइट पेशी आपल्या पायांनी रक्तवाहिन्यांना वेढून असतात, आणि त्या पायांवर अ‍ॅक्वापोरिन-४ या प्रथिनाच्या पाणवाहिन्या दाटीने बसलेल्या असतात. रक्तपुरवठा तुटला की पाणी या वाटेने पेशींत घुसतं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, ही वाहिनीच नसलेल्या उंदरांमध्ये झटक्यानंतर २४ तासांनी सूज ३५ टक्क्यांनी कमी भरली. मग वाहिनी बुजवली की काम झालं? तसं नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर फुटला की पाणी पेशींच्या बाहेर साठतं, आणि त्याचा निचरा व्हायलाही हीच वाहिनी लागते. २००४ मध्ये दिसलं की अशा सुजेत वाहिनी नसलेल्या उंदरांचीच अवस्था जास्त वाईट होते. आधी घरात पाणी भरणारा नळच नंतर मोरी होतो म्हणा ना. म्हणून मला वाहिनी अडवणारं औषध देऊन २४ आणि ७२ तास, अशा दोन्ही वेळा सूज किती आणि अडसर किती फुटला, हे बघायचं होतं.

आमच्या संस्थेच्या प्राणी-नीतिसमितीची पहिली बैठक कोरमअभावी रद्द. दुसरीतून माझा अर्ज एका ओळीचा शेरा घेऊन परत: 'संख्या जास्त वाटते, कमी करावी.' किती कमी? का? क्लार्क म्हणाले, "मिनिट्समध्ये एवढंच आहे." पुढची बैठक दोन महिन्यांनी.

रागाच्या भरात मी ७२ तासांची वेळच उडवली आणि बहात्तरचे छत्तीस केले. सरांनी कागद बघितला आणि विचारलं, "मग तुझा प्रश्न कुठे राहिला?" अर्ज पुन्हा बहात्तरवर.

(बैठकीआधी समितीतल्या पशुवैद्यांना भेटून या. शस्त्रक्रियेनंतरचं वेदनाशामक मी लिहिलंच नव्हतं, ते त्यांनी सहज बोलता बोलता सांगितलं.)

तिसऱ्या बैठकीला मला आत बोलावलं. शास्त्रज्ञ मंडळी गप्प. विज्ञानाबाहेरच्या सदस्य म्हणून आलेल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी विचारलं, "सूज आणि अडसर, दोन्ही एकाच उंदरात नाही का मोजता येत?"

हे मी अर्जात कुठेच लिहिलं नव्हतं. सगळ्यांना माहीतच असणार, असं धरून चाललो होतो.

म्हटलं, "नाही मॅडम." पाणी मोजायचं तर मेंदू ओला असताना तोलायचा, १०५ अंशांवर २४ तास ओव्हनमध्ये वाळवायचा आणि पुन्हा तोलायचा. अडसरासाठी इव्हान्स ब्लू हा रंग शिरेतून देतात. तो रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटतो. अडसर शाबूत असेल तर मेंदू पांढरा राहतो, फुटला असेल तर तेवढा भाग निळा. पण रंग मोजण्याआधी रक्तवाहिन्या सलाइनने धुवाव्या लागतात, आणि मेंदू असा धुतला की पाण्याचा आकडा भरवशाचा राहत नाही. म्हणून तीन गट, दोन वेळा, दोन पद्धती, प्रत्येकी सहा उंदीर.

बाईंनी वहीच्या कोपऱ्यात गुणाकार केला. "बरोबर आहे, बहात्तर."

दहा मिनिटांत मंजुरी! बाहेर आल्यावर हसू आलं आणि चीडही. अर्जात त्या रकान्याला जागा चार ओळींची, आणि वेगळा तक्ता जोडला तर चालतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही न विचारता जोडा. हा गुणाकार त्यात सर्वांत वर लिहा.

प्रयोगाचं एवढंच सांगतो: फॉइलच्या वाट्या आधी वाळवून, तोलून ठेवा आणि मेंदू काढल्यावर लगेच तोला. पंख्याखाली रेंगाळलात तर तुमची सूज हवेत उडून जाते.

आणि शस्त्रक्रियेत दगावणारे उंदीर मूळ संख्येतच धरा. मी धरले नव्हते. पाच गेले, आणि वाढीव पाचांसाठी पुन्हा त्याच समितीकडे अर्ज. त्यातही तोच रकाना, त्याच चार ओळी.