चौथ्या ओळीतला हातचा

शनिवारी साडेअकराला शाळा सुटली की अर्धा वर्ग एस. पी. कॉलेजच्या मैदानाकडे पळायचा आणि आम्ही नऊ जण दप्तरं उचलून प्रयोगशाळेत. पुण्यात सदाशिव पेठेतल्या आमच्या शाळेत नाटकवाल्यांना हॉल, लेझीमवाल्यांना पटांगण आणि गणित मंडळाला गंधकाचा वास, अशी वाटणी होती. प्रज्ञा परीक्षेचे जुने पेपर, एका डब्यातली पोळीभाजी चौघांत, आणि बाईंचा एकच हेका : "उत्तर आलं ना? आता ताळा कर."

मंडळाचा मेळावा 22 डिसेंबरला, म्हणजे रामानुजनांच्या जन्मदिवशी. 2012 पासून त्या तारखेला देशभर राष्ट्रीय गणित दिवस साजरा होऊ लागला. आम्ही त्याच्या कितीतरी आधीपासून करतोय, हे मी प्रत्येक नव्या पाहुण्यांना ऐकवतोच. बाई हसतात. हसोत.

दिवा, प्रतिमेला हार, नारळ, अहवाल हे सगळं होतं, जसं सगळीकडे होतं तसंच. जीव अडकतो तो पुढच्या दोन गोष्टींत.

पहिली, कापरेकरांचा फळा. द. रा. कापरेकर इथंच फर्ग्युसनमध्ये शिकले आणि पुढे देवळालीच्या शाळेत मास्तर झाले. त्यांचा 6174 हा आकडा आमच्या मंडळाचं कुलदैवतच म्हणा. कुठलीही चार अंकी संख्या घ्यायची, अंक उतरत्या क्रमाने मांडायचे, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत 6174 येतंच. पाचवीतलं एखादं पोर फळ्यापाशी उभं राहतं आणि सभागृहातून कुणीही संख्या द्यायची. कुणी स्कूटरचा नंबर देतं. दर वर्षी एक शहाणा मागून 7777 ओरडतो, मग त्याला शून्य दाखवून खाली बसवायचं. सगळे अंक सारखे चालत नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे दहावीच्या मुलांची भाषणं. विषय ठरलेला : 'माझं चुकलेलं गणित'. बक्षिसाचं नाही, चुकलेलं. एकाने सहामाहीत त्रिकोणाच्या कोनांची बेरीज 190 काढून खाली 'हेच सिद्ध करायचे होते' असं लिहिलं होतं, ते त्याने इतक्या गंभीरपणे सांगितलं की त्याचे वडीलच आधी हसले. ही भाषणं ऐकताना माझा घसा दर वर्षी दाटतो. बायको म्हणते, तुम्ही लग्नातसुद्धा एवढे रडला नव्हतात.

हे सगळं ज्यांच्या जिवावर होतं त्यांची नोंद इथे व्हायलाच हवी. प्रयोगशाळेतले मामा, ते पहाटे कुलूप काढतात आणि ओला खडू बाजूला करून कोरडा देतात. फळ्याची चौकट रंगीत खडूंनी सजवणारे चित्रकलेचे सर. पडद्याला झालर लावून देणाऱ्या शिवणाच्या बाई. शेजारच्या वाड्यातले लाऊडस्पीकरवाले काका, भाडं निम्मं आणि तक्रारी दुप्पट. बँकेतले एक पालक, चहाचा हिशेब पैशापैशापर्यंत लावणारे. चिवड्याच्या पुड्या बांधणाऱ्या तीन आया. एका वर्षी आभारात त्यांतल्या दोघींचीच नावं घेतली गेली. तिसरीने पुढचं वर्षभर माझ्याशी बोलणं टाकलं होतं. तेव्हापासून मी यादी खिशात ठेवतो.

न येणाऱ्यांचीही यादी आहे माझ्याकडे. गेल्या वर्षी 41 जणांनी 'नक्की' म्हणून कळवलं, आले 13. नाशिकहून एसटीने एक जण येतो आणि कोथरूडवाल्यांना लक्ष्मी रोडचं ट्रॅफिक आडवं येतं!

2005 च्या मेळाव्यात फळ्यापाशी एक ठेंगणी मुलगी उभी होती. दोन वेण्या, हात पुरेना म्हणून पायाखाली पाट. कुणीतरी चालू सालच दिलं : 2005. या संख्येला सातच्या सात वजाबाक्या लागतात. 5175, मग 5994, मग 5355. पोरगी खाली उतरत उतरत लिहीत होती, शेवटी पाटावरून उतरून गुडघ्यांवर बसली. सातव्या ओळीत 6174 आलं आणि टाळ्यांनी हॉल दणाणला. व्यासपीठावर गणिताचे एक प्राध्यापक होते, त्यांनी उठून टाळ्या वाजवल्या. बाईंनी तिला कंपासपेटी दिली.

2010 साली ती दहावीत, भाषणाला उभी. म्हणाली, "त्या दिवशी घरी गेल्यावर आजोबांना करून दाखवायला बसले, तर चौथ्या ओळीत 1998 आलं. मी फळ्यावर 2998 लिहिलं होतं. शेवटचा हातचा विसरले होते." पुढचं सगळं त्या चुकीच्या संख्येवरून केलेलं. पण कापरेकरांची गंमत अशी की 2998 वरूनही 7083, 8352 आणि 6174. वजाबाक्यासुद्धा मोजून सातच. "म्हणून कुणाला कळलं नाही. बाई, मी ताळा केला नव्हता. ती कंपासपेटी मी अजून वापरलेली नाही."

बाई काही बोलल्या नाहीत. जागेवरून उठल्या आणि तिच्या हातात खडू दिला. तिने 5553, खाली 3555 मांडलं, हातचे एकेक करून वर लिहिले. आता पाट लागत नव्हता.

हो, सायकल स्टँडवरचे काका राहिलेच. त्या संध्याकाळी उशीर झाला तरी ते थांबले होते.

घरी येऊन मी कपाटातली 2005 ची वही काढली. मेळाव्यात फळ्यावरचं सगळं उतरवून घ्यायचं काम तेव्हा माझ्याकडे असे. चौथ्या ओळीत स्वच्छ अक्षरात 2998, आणि शेजारी माझ्याच हातची लाल पेनाने केलेली बरोबरची खूण.