छर्ऱ्याचा वेग

तेजस्विनी सावंत, राही सरनोबत यांच्या कोल्हापुरात नेमबाजी शिकतोय, म्हणून हे लिहितोय. रेंजवरचा जुना क्रोनोग्राफ, म्हणजे वेग मोजायचं यंत्र, छर्ऱ्याची सावली टिपायचा. ट्यूबलाइटखाली आकडे वेडेवाकडे. शेवटी खिशात मावणारा रडारवाला घेतला. तो नळीच्या बाजूला ठेवायचा, त्यामुळं छर्रा लागायची भीती नाही. घेताना एकच पाहिलं: ४.५ मिलिमीटरचा इवलासा छर्रा त्याला दिसतो का?

काल छर्रे झाडले. १७२, १७१, १७३... आणि छर्रा ढकलणारी, बंदुकीच्या सिलिंडरमधली हवा उतरल्यावर थेट १६४ मीटर प्रति सेकंद. दहा मीटरवर तेवढ्यानं छर्रा दीडेक मिलिमीटर खाली बसतो! महिनाभर मी ट्रिगरवरच्या बोटाला दोष देत होतो. सर म्हणाले, "आधी प्रेशर बघ की." आज सिलिंडर भरून आणलाय.