रावेरच्या केळीला रावेरचाच फोटो

आज दिवसभर जळगाव जिल्ह्यातल्या रावेरकडच्या एका केळी उत्पादक शेतकरी गटाच्या वेबसाइटसाठी फोटो शोधत होते. गुगलवर केळीचे ढीगभर फोटो सापडतात, पण सापडला म्हणून तो आपला होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने फोटोवरचा हक्क सहसा काढणाऱ्याचाच, आणि तो त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं टिकतो. खाली 'साभार गुगल' लिहून परवानगी मिळत नाही. गुगल फक्त शोधून देतं!

विकिमीडिया कॉमन्स या मोफत वापरता येणाऱ्या फोटोंच्या संग्रहात मात्र छान फोटो मिळाले. तिथे प्रत्येक फोटोसोबत परवाना दिलेला असतो. 'सीसी बाय' (नाव देऊन वापरायची मुभा देणारा क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना) असेल तर फोटोग्राफरचं नाव आणि परवान्याची लिंक द्यायची, काटछाट केली तर तेही सांगायचं. इतर साइटवरच्या फोटोला 'एनसी' (म्हणजे व्यावसायिक वापराला मनाई) दिसलं की मी तो सोडूनच देते, कारण इथे माल विकायचाय.

पण पहिल्याच पानावर कुठल्यातरी परक्या बागेतला घड? मन मानेना. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय; मग फोटोही तिथलाच हवा. शेवटी गटातल्या दादांना फोन केला. "ताई, उद्या सकाळी माल कापतोय, या की!" म्हणाले.

तुमच्यापैकी कुणी स्वतः काढलेले बागेचे, गाडी भरतानाचे फोटो असतील तर नक्की पाठवा. लेखी परवानगी घेऊन, तुमच्या नावासकट लावेन.