जंजिरा: तटबंदीचा वेढा जुळला, आता समुद्र

मुरूड-जंजिऱ्याच्या माझ्या एमओसीची, म्हणजे स्वतःच्या कल्पनेने रचलेल्या लेगो मॉडेलची, तटबंदी पूर्ण झाली! 19 च्या 19 बुरूज जागेवर आहेत आणि वेढ्याची दोन्ही टोकं एकमेकांत बसली. 48×48 स्टडच्या (स्टड म्हणजे विटेवरचा गोल उंचवटा) चार बेसप्लेट, म्हणजे साधारण 77 सेंटिमीटरचा चौरस, आणि त्यावर हा काळा वेढा. टेबलाशेजारून जाताना थांबायला होतंच.

खरी झटापट कोनांशी होती. लेगोचे स्टड 8 मिलिमीटरच्या चौकटीत बसतात आणि जंजिऱ्याला सरळ बाजू म्हणून नाहीच. किल्ल्याने बेटाचा आकार घेतलाय. त्यामुळे भिंतीत 1×2 विटा आणि 1×1 गोल विटा आळीपाळीने लावल्या. लेगोचे किल्ले रचणाऱ्या जुन्या कॅसलवाल्यांना ही युक्ती नवी नाही: गोल विटेपाशी भिंतीला वळायला जागा मिळते. भिंतीखाली सगळीकडे टाइल (वर स्टड नसलेले गुळगुळीत तुकडे) टाकल्यात, म्हणजे ती सरकू शकते. बुरूज 4×4 च्या पाव-गोल विटांचे आहेत आणि प्रत्येक बुरूज खाली एकाच स्टडवर टेकलाय, म्हणून हवा त्या कोनात फिरतो. सगळं भिंतीला जोडल्यावर मात्र वेढा स्वतःच स्वतःला धरतो. मधली जागा मोकळी ठेवलीय, गोड्या पाण्याचे दोन तलाव तिथे येतील.

चर्यांवर, म्हणजे तटाच्या माथ्यावरच्या दातऱ्यांवर, मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. बाजूला स्टड असलेली 1×1 वीट घ्यायची आणि तिच्यावर एका टोकाला गोल असलेली 1×1 टाइल उभी लावायची. झाली एक चर्या. मध्ये तोफेपुरती फट. अशी रांग पूर्ण वेढाभर. गडद करड्यात अधूनमधून काळ्या विटा पेरल्यात, कारण भरतीचं पाणी लागतं तिथला दगड वरच्यापेक्षा काळा दिसतो. दरवाज्यापाशी पंजांत हत्ती पकडलेल्या शरभाचं शिल्प आहे, ते या स्केलला सोडून दिलं. अर्धवट दाखवण्यापेक्षा नसलेलं बरं.

जंजिरा मांडायचा कसा, यावर माझं ठाम मत आहे. राजपुरीहून शिडाच्या होडीने निघालं की समोर नुसती भिंत दिसते, आणि होडी अगदी जवळ आली की दोन बुरुजांच्या वळणातून दरवाजा उघडा पडतो. ही या किल्ल्याची जान आहे. वरून पाहिलं तर ती मरते. म्हणून मॉडेल कमरेएवढ्या टेबलावर नाही, डोळ्यांच्या पातळीवरच्या फळीवर जाणार. समोरून दरवाजा दिसता कामा नये, बघणाऱ्याने एका बाजूला सरकायला हवं. फळी खिडकीपासून लांबच्या भिंतीवर आहे, कारण उन्हाने विटांचं एबीएस प्लास्टिक पिवळं पडतं आणि हलक्या रंगांवर ते लगेच कळतं. वरून ॲक्रिलिकची पेटी येईल. तोवर धुळीसाठी रंगकामाचा मऊ ब्रश पुरतो.

आता समुद्र. कृपा करून कोणी मला निळाशार पारदर्शक समुद्र सुचवू नका. मुरूडचं पाणी हिरवट, मातकट असतं. खाली ऑलिव्ह हिरव्या आणि गडद टॅन प्लेट, वर रंगहीन पारदर्शक टाइल, असा छोटा नमुना करून पाहिला आणि तो पावसाळ्याआधीच्या खाडीसारखा अगदी बरोबर वाटला. तटाच्या पायाशी फेसासाठी 1×1 च्या पांढऱ्या गोल प्लेट, त्याही विरळच.

आणि डोक्यात पुढचं घोळतंय ते पद्मदुर्ग! जंजिऱ्याला शह म्हणून शिवाजी महाराजांनी कासा बेटावर बांधलेला. तिथे खाऱ्या वाऱ्याने दगड झिजून आत गेलेत आणि सांध्यांतला चुना बाहेर उभा राहिलाय, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा. हेडलाइट ब्रिक (एका बाजूला किंचित आत बसलेला स्टड असलेली 1×1 वीट) उलटी फिरवून बघा: मागे चौकोनी खळगा आणि भोवती कड. तसल्या विटांची एक हातभर भिंत रचून ठेवलीय. मोठ्या संख्येने टॅन हेडलाइट कुठे मिळत असतील तर जरूर कळवा.