नुरा कुस्ती आणि माझा मुलगा

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या नऊ वर्षांच्या मुलानं धाकट्या बहिणीला उचलून गादीवर आपटलं. 'चोकस्लॅम' म्हणे. खाली गादी होती, पण तिचा हात दिवाणाच्या कडेवर आदळला आणि मनगटाचं हाड चिरलं. लातूरला नेलं, प्लॅस्टर झालं. तो दाराआड उभा राहून रडत एकच सांगत होता, "टीव्हीत तर कुणालाच लागत नाही, मम्मी."

त्या रात्रीच मी डब्ल्यूडब्ल्यूई, म्हणजे टीव्हीवरची ती अमेरिकन कंपनीची कुस्ती, बंद केलं. रिमोट कपाटात गेला, मोबाइलला नवा पासवर्ड घातला. दहा-बारा दिवसांनी शेजारच्या काकू म्हणाल्या, "तुमचं पोरगं आमच्या माडीवर बसून बघायलंय की." शेजारचा दहावीतला मुलगा त्याला स्वतःच्या फोनवर काय काय दाखवत होता, देव जाणे. माझ्या नजरेआड बघणं जास्त वाईट, हे तेव्हा पटलं. रिमोट बाहेर काढला आणि ठरवलं, आधी आपण बघायचं.

यांचं म्हणणं, "आम्ही नाही का बघितलं लहानपणी? काय बिघडलं?" नव्वदच्या दशकात यांच्याकडे पहिलवानांच्या ट्रम्प कार्डांचा गठ्ठा होता, रँक, हाइट, वेट, चेस्ट अजून तोंडपाठ आहे. पण 1990च्या दशकाच्या शेवटचा तो काळच मुलांसाठी सगळ्यात वाईट होता. फुटलेली कपाळं, घाणेरडे हातवारे, बायकांना अपुऱ्या कपड्यांत रिंगणात आणून त्यांची केलेली थट्टा. 2008 साली कंपनीनं कार्यक्रम पालकांच्या देखरेखीत मुलांनी बघण्याजोगा करायचं ठरवलं. 2010 मध्ये डोक्यात खुर्ची घालायला बंदी आली. तीन आठवडे मी रोज थोडं थोडं बघितलं. दमदाटी भरपूर, अपमान भरपूर, रक्त फारसं नाही. नऊ-दहा वर्षांच्या मुलानं शेजारी मोठं माणूस असताना हे बघायला माझी हरकत राहिली नाही.

हरकत आहे ती फोनवरच्या तुकड्यांना. एक बघितला की पुढचा आपोआप लागतो, आणि त्यात जुनं-नवं असा भेद नसतो. 1998 साली मिक फोली हा पहिलवान पिंजऱ्याच्या छतावरून खाली टेबलावर पडला, तो तुकडा माझ्या मुलानं कितीदा बघितला होता हे त्यालाही सांगता येईना.

हे आबांपाशी बोलले. माझे वडील निलंगा तालुक्यातले, पहिलवान हरिश्चंद्र बिराजदारांच्या रामलिंग मुदगडपासून आमचं गाव लांब नाही. 1970च्या राष्ट्रकुल स्पर्धेतलं बिराजदारांचं सुवर्णपदक आबा अजून घरचं असल्यासारखं सांगतात. त्यांनी नातवाशेजारी बसून एक झुंज शेवटपर्यंत बघितली आणि म्हणाले, "ही नुरा हाय." नुरा म्हणजे आधी ठरवून खेळलेली कुस्ती. जत्रेच्या फडात नुरा ओळखू आली की लोक आरडाओरडा करतात, पंच जोड सोडवून दोघांना बाहेर काढतात. मी सांगितलं, आबा, इथं कुणी लपवत नाही. 1989 साली त्या कंपनीनं न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढं स्वतःच कबूल केलं की ही करमणूक आहे, निकाल आधीच ठरलेला असतो. आबा थोडा वेळ गप्प बसले. "मग ते सोंग झालं. भारुडात आणतेत तसं. सोंग म्हणून बघू दे की."

मुलाला मात्र ते लागलं. "सगळं खोटं?" त्याचे डोळे भरले. मग आम्ही दोघांनी एक झुंज थांबवून थांबवून बघितली. ज्याला उचलतात तो स्वतःही उडी मारतो. पडताना हनुवटी छातीला लावतो, म्हणजे डोकं आपटत नाही; पाठ आणि हात एकदम सपाट टेकवतो. खाली पोलादी सांगाड्यावर फळ्या आणि वर फोमचा थर असतो. हे पडणं शिकायला माणसं महिनोन्‌महिने घालवतात, तरी हाडं मोडतात, माना जायबंदी होतात. निकाल ठरलेला असतो, पण दुखणं खरं असतं. "छकुलीला उडी मारायची माहीत नव्हतं," तो हळूच म्हणाला. त्यानंतर त्यानं कुणाला उचललेलं नाही.

सगळ्यात अवघड रात्र पुढं आली. झोपताना त्यानं विचारलं, "मम्मी, क्रिस बेन्वानं स्वतःच्या पोराला कामून मारलं?" माडीवरच ऐकलं होतं त्यानं. 2007 साली या पहिलवानानं बायकोचा आणि सात वर्षांच्या मुलाचा जीव घेतला आणि स्वतःलाही संपवलं. नंतर त्याच्या मेंदूच्या तपासणीत डोक्यावरच्या वर्षानुवर्षांच्या माराच्या खुणा दिसल्या. नऊ वर्षांच्या लेकराला यातलं किती सांगायचं? मी एवढंच म्हणाले की डोक्याला वारंवार मार बसून त्याचा मेंदू आजारी झाला होता, त्यानं केलं ते फार वाईट होतं, आणि तुझे पप्पा असं कधी करणार नाहीत. तो माझा हात धरून झोपला. मी जागीच होते. हे त्याला आमच्याकडून कळायला हवं होतं, आणि चार-पाच वर्षांनी.

आता आमच्या घरी असं चाललंय. कार्यक्रम बघायचा तो मोठ्या पडद्यावर, बैठकीत. अमेरिकेतल्या शुक्रवार रात्रीचा कार्यक्रम आपल्याकडे शनिवारी सकाळी असतो. तो शाळेतून आल्यावर दोघं मिळून बघतो. नेटफ्लिक्सवर त्याचं वेगळं प्रोफाइल केलंय, मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन आहे. फोनवरचे तुकडे पूर्ण बंद. यूट्यूबचं स्वतःचं खातं तेरा वर्षांचा झाल्यावर. शेजारच्या काकूंनाही हे सगळं समजावून सांगितलं, त्यांनी त्यांच्या मुलाला दम भरला. जुन्या झुंजी कधी दाखवायच्या यावर यांचं आणि माझं अजून एकमत नाही. हे बारा म्हणतात, मी पंधरा.

परवा आबांनी त्याला राहुल आवारेची 2018च्या राष्ट्रकुलातली सुवर्णपदकाची कुस्ती दाखवली. आवारे बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा. पोरगं शेवटपर्यंत हललं नाही. मग आबांकडं वळून म्हणालं, "आबा, ही तर नुरा नाही ना?"