आमची वाटचाल : चोराच्या पान्याला दाद न देणारा बोल्ट

बेळगावच्या उद्यमबागेत आमचं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग, एक प्रेस, एवढाच पसारा. सुरुवातीची बरीच वर्षं निव्वळ जॉबवर्क केलं. फाउंड्रीतून कास्टिंग यायचं, मशिनिंग करून परत जायचं. पंपाचे शाफ्ट, बुश, व्हॉल्व्हचे सुटे भाग. त्यावर घर चाललं, कामगारांचे पगार झाले. पण स्वतःचा म्हणावा असा माल एकच निघाला : सायकलची सीट आणि चाकं चोरीला जाऊ नयेत म्हणून बनवलेले बोल्ट, नट आणि क्लॅम्प.

सायकल घरातच होती. वडिलांचं शहापुरात सायकल दुकान, तासाच्या भाड्यानं सायकली द्यायचे. तेव्हा डायनामो जायचा, घंटी जायची, पंप तर हमखास. सीट मात्र क्वचितच. काळ्या दांडीच्या सायकलची स्प्रिंगची सीट काढायला पाना लागतो आणि आपल्याकडच्या दोन पावसाळ्यांनंतर तो नट मालकालाही दाद देत नाही.

गिअरच्या सायकली आल्या आणि चित्र पालटलं. चाक झटपट सुटावं म्हणून इटलीच्या तुल्लिओ कंपान्योलोंनी 1930 च्या सुमारास क्विक रिलीज, म्हणजे पान्याशिवाय हातानं उघडणारा खटका, काढला. शर्यतीत चाक काढताना वेळ वाचावा, हा हेतू. तीच खटक्याची पट्टी पुढे सीटच्या दांडीलाही आली. जे मालकाला सोपं तेच चोरालाही सोपं. जिथे खटका नाही तिथे 4, 5 किंवा 6 मिलिमीटरची एलन की, म्हणजे बोल्टच्या खड्ड्यात बसणारा षटकोनी सळईचा पाना, चालते, आणि ती कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते.

कॉलेजचा एक मुलगा आमच्याकडे सायकल घेऊन आला, तोही सीटशिवाय, सगळी वाट उभ्यानं पायडल मारत. स्टँडवरून सीट गेली होती, दांडीसकट. म्हणाला, "काका, आता नवी घेतली तर काय रोज काढून वर्गात घेऊन जाऊ काय?" त्याला त्या दिवशी जे करून दिलं ते आजही आम्ही फुकट सांगतो. पुढच्या चाकाच्या हबमधला 3/16 इंची छर्रा 5 मिलिमीटरच्या एलन बोल्टच्या खड्ड्यात बरोबर बसतो. खाली छर्रा, वर मेण. पाना आत शिरतच नाही. आपल्याला उघडायचं तेव्हा मेण तापवून खरवडायचं आणि चुंबकानं छर्रा ओढून घ्यायचा. सीटच्या खालच्या सळईतून आणि फ्रेममधून जुनी चेन घालून पिन ठोकायची, चेनवर जुन्या ट्यूबचं कव्हर चढवायचं, म्हणजे रंगही खरचटत नाही. खर्च नावापुरता.

एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. सीट दोन ठिकाणी सुटते : फ्रेमजवळच्या क्लॅम्पवर आणि वर, जिथे सीट दांडीला आवळलेली असते तिथे. खालचं बंद केलं आणि वरचं मोकळं ठेवलं तर दांडी राहते, सीट जाते. म्हणून आमचा संच नेहमी दोन्ही बोल्टांचा असतो. एकच मागितला तर आम्ही देत नाही.

आमचा चाकाचा नट पाच बाजूंचा आहे. पान्याचे दोन्ही जबडे समांतर असतात आणि पंचकोनाच्या कुठल्याही दोन बाजू समांतर नसतात, त्यामुळे साधा पाना धरच घेत नाही. पक्कडही बसू नये म्हणून नटाभोवती उतरती गोल कड ठेवली आहे. सीटच्या बोल्टच्या खड्ड्यात मध्ये पिन असते. पण सगळ्यांची चावी एकच असेल तर चोर आमचाच एक बोल्ट विकत घेईल आणि गावभर फिरेल. म्हणून पिनेची जागा बदलत ठेवतो, चावीवर नंबर टाकतो आणि तो गिऱ्हाइकाच्या नावासमोर वहीत लिहून ठेवतो. चावी हरवली तर सायकल आणि ओळखपत्र घेऊन या, दुसरी करून देतो. नुसत्या फोनवर देत नाही, कितीही ओळख असली तरी.

माल कशाचा करायचा यावर खूप खल झाला. 304 स्टेनलेस गंजत नाही, पण मऊ. अलॉय स्टील कडक करून घेता येतं, पण त्याला पाण्यापासून जपावं लागतं आणि जून ते सप्टेंबर बेळगाव-खानापूर पट्ट्यात पाणी काही कमी नसतं. शेवटी कडक केलेला बोल्ट आणि त्यावर झिंक, हेच ठरलं. सोबतच्या पत्रकात मराठीत आणि कानडीत लिहिलेलं असतं : मिरगाआधी सीटची दांडी काढून ग्रीस लावा. लोखंडी फ्रेममध्ये अॅल्युमिनियमची दांडी ओल धरून अशी चिकटते की पुढे मालकालाच करवत घ्यावी लागते.

सायकलच्या फ्रेमवर, बहुधा पायडलच्या एक्सलच्या कपाखाली, नंबर असतो. तो उतरवून ठेवा, सायकलचा फोटोही ठेवा, तक्रार देताना लागतो. सीटवर नंबर नसतो. सापडली तरी आपलीच हे दाखवायचं कसं? म्हणून वर्कशॉपवर येणाऱ्याच्या सीटखालच्या सळईवर आम्ही हवी ती खूण कोरून देतो, त्याचे पैसे घेत नाही.

आमचं गिऱ्हाईक मुख्यतः रविवारी जांबोटीकडे, राजहंसगडाकडे जाणारी सायकलस्वार मंडळी. महागडी सायकल असते, ते किंमत देतात. माझा जीव मात्र दुसरीकडे अडकला आहे. कर्नाटक सरकारनं 2006-07 पासून आठवीच्या मुलामुलींना सायकली द्यायला सुरुवात केली, तेव्हा खानापूर तालुक्यातल्या किती मुली फाट्यापर्यंत सायकलीनं येऊन पुढे बस धरायच्या ते मी बघितलं आहे. आजही मुली तशाच येतात, पण आता घरच्यांनी कशीबशी घेतलेल्या सायकलीवर. सायकल दिवसभर फाट्यावर एकटी. संध्याकाळी सीट नसेल तर अंधारात चालत घर गाठायचं, आणि दुसऱ्या दिवशी घरातून सायकल बाहेर काढूच देत नाहीत. त्या सायकलीला आमचा सीटचा संच परवडत नाही.

म्हणून सध्या साध्या सायकलच्या सीटच्या नटावर काम चालू आहे. माप तेच, बाजू पाच, एकच भाग, दाबून काढलेला, म्हणजे लेथवरचा वेळ वाचतो आणि किंमत खाली येते. डाय, म्हणजे प्रेसमधला साचा, तयार आहे. कडक करून आलेल्या पहिल्या घाण्यातल्या नटांना कडांवर चिरा पडत होत्या, त्यामुळे कोपऱ्यांची गोलाई वाढवून दुसरा घाणा काढला. तो आता फाट्यावरच्या सायकलींना बसवून दिला आहे, पावसाळाभर तिथेच राहील.