मालमत्ता धर्मग्रामाची, नाव बिशपांचे

घंटेसाठी म्हणून कुणी चर्चला पैसे दिले, तर छप्पर कितीही गळत असले तरी प्रमुख धर्मगुरूंना ते पैसे आपल्या मर्जीने छपराकडे वळवता येत नाहीत. विशिष्ट हेतूने दिलेले दान त्याच हेतूसाठी वापरावे, असे कॅथलिक ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या धर्मसंहितेतील कलम १२६७ सांगते. चर्चच्या मालमत्तेचे कायदे मी गेली काही वर्षे आवडीने वाचतो आहे आणि मला या विषयाचे मूळ याच कलमात दिसते. ज्याच्या हाती मालमत्ता आहे, तो तिचा धनी नसतो.

चर्चची जमीन बिशपांची किंवा थेट पोपची असते, हा समज फार रूढ आहे. धर्मसंहितेतील मांडणी मात्र वेगळी आहे. कलम १२५६ प्रमाणे, पोपच्या सर्वोच्च अधिकाराखाली, मालमत्ता ज्या विधिक व्यक्तीने, म्हणजे कायद्याने व्यक्ती मानलेल्या संस्थेने, रीतसर मिळवली तिच्याच मालकीची राहते. आणि कलम ५१५ प्रमाणे रीतसर स्थापन झालेला प्रत्येक धर्मग्राम (पॅरिश, म्हणजे एका धर्मगुरूंच्या देखरेखीखालचा स्थानिक ख्रिस्ती समुदाय) ही अशी स्वतंत्र विधिक व्यक्ती असते. धर्मगुरू हे तिचे कारभारी. ठरावीक रकमेपुढची मालमत्ता विकायची झाली, तर योग्य कारण, तज्ज्ञांचे लेखी मूल्यांकन आणि वरिष्ठांची परवानगी लागते. मला सर्वांत भावते ते कलम १२८३. कारभार हाती घेण्यापूर्वी कारभाऱ्याने शपथ घ्यायची आणि जमीनजुमला व मौल्यवान वस्तूंची, वर्णन आणि किंमत नोंदवलेली, सही केलेली यादी तयार करायची. तिची एक प्रत कारभाराच्या दप्तरी आणि दुसरी धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपांच्या अखत्यारीतील प्रदेशाच्या, दप्तरी ठेवायची, आणि पुढे काही बदल झाला तर तो दोन्ही प्रतींत नोंदवायचा.

अडचण सुरू होते ती देशाच्या कायद्यापाशी, कारण धर्मग्राम नावाची व्यक्ती दिवाणी न्यायालयाला आपोआप दिसत नाही. कुणाच्या तरी नावावर खरेदीखत व्हावे लागते. अमेरिकेत अनेक ठिकाणी ते बिशपांच्या वैयक्तिक नावावर झाले किंवा बिशपपदालाच कायदेशीर व्यक्ती मानून त्या पदाच्या नावावर झाले. न्यूयॉर्कने १८६३ च्या कायद्याने निराळी वाट काढली. तिथे प्रत्येक धर्मग्रामाची स्वतंत्र नोंदणीकृत संस्था झाली आणि तिच्यावर पाच विश्वस्त आले : बिशप, त्यांचे प्रतिनिधी व्हिकर जनरल, प्रमुख धर्मगुरू आणि दोन प्रापंचिक, म्हणजे धर्मगुरू नसलेले सदस्य. १९११ मध्ये रोमने अमेरिकेतील बिशपांना हीच पद्धत अधिक पसंत असल्याचे कळवले आणि मालमत्ता बिशपांच्या वैयक्तिक नावावर ठेवण्याची रीत बंद करण्यास सांगितले.

या सूचनेचे मोल पुढे अमेरिकेतीलच स्पोकेन शहरात कळले. २००४ च्या अखेरीस तेथील धर्मप्रांताने लैंगिक अत्याचारांच्या दाव्यांमुळे दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा कागदोपत्री बिशपांच्या नावावर असलेली धर्मग्रामांची चर्चेस आणि शाळा पीडितांची भरपाई देण्यासाठी धरायच्या का, हा प्रश्न उभा राहिला. बिशप केवळ विश्वस्त आहेत, असे धर्मप्रांताचे म्हणणे होते. दिवाळखोरी न्यायालयाने २००५ मध्ये ते फेटाळले. वरच्या न्यायालयाने २००६ मध्ये तो निकाल फिरवला आणि अखेर प्रकरण तडजोडीने मिटले. खतामध्ये विश्वस्तपणाचा स्पष्ट उल्लेख असता, तर एवढा गुंता झाला नसता, असे माझे मत आहे.

पण याच विश्वस्तपणाची ढालही करता येते, आणि ते मला अस्वस्थ करते. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या अपील न्यायालयाने २००७ मध्ये एका पीडिताच्या दाव्यात असे ठरवले, की मालमत्ता धारण करणाऱ्या विश्वस्त मंडळाचा धर्मगुरूंच्या नेमणुकीशी आणि देखरेखीशी संबंध नव्हता, म्हणून अत्याचाराबद्दल त्याच्यावर दावा चालणार नाही. मालमत्ता ज्याच्याकडे होती तो जबाबदार ठरला नाही, आणि चर्च स्वतः कायद्याच्या दृष्टीने दावा लावण्याजोगी संस्थाच नव्हती. ही पळवाट बुजवणारे कायदे न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया या दोन्ही राज्यांनी २०१८ मध्ये केले.

मालमत्तेची मालकी दिवाणी कायद्यातही टिकेल अशा रीतीने सुरक्षित ठेवावी, हे कलम १२८४ प्रमाणे कारभाऱ्याचेच कर्तव्य आहे. म्हणून चर्चला जमीन देणाऱ्याने खतामध्ये तीन गोष्टी लिहून घ्याव्यात : जमीन कोणत्या धर्मग्रामासाठी आहे, कोणत्या हेतूसाठी आहे, आणि सही करणारे बिशप ती विश्वस्त म्हणून स्वीकारत आहेत.